बक्कल झेंड्याकडे

आर्ब्रोथला समुद्रावरून जे धुकं चढतं
त्याला इथली माणसं 'हार' म्हणतात.
पहिल्या वर्षी मी एकटीच हसायचे,
आज पुन्हा हार, आणि तीही सकाळी आठालाच.

मंगळवारी औषधांचं दुकान अर्धा दिवस.
दुपारी रेंजवर पन्नास चेंडूंची बादली,
सात नंबरचा क्लब आणि मरडो गिलफिलन.
वय एकाहत्तर, उजवा खुबा टायटॅनियमचा,
तरी माझ्यापेक्षा अलगद वळणारा.

पहिल्या दिवशी त्याने चेंडू ठेवलाच नाही.
माझ्या पट्ट्याच्या लुप्प्यांतून
एक लांब केशरी काठी आडवी खोवली
आणि म्हणाला, वळ.
मी खांदे वळवले, मान वळवली,
हात तर पार आभाळात नेले.
काठी होती तिथेच,
बंद दाराच्या अडसरासारखी.

मिरजेच्या मावशीचं एक वाक्य होतं:
चालताना कमरेवरची घागर डचमळू नये.
घागर नसली तरी.

कंबर कस, हे लाख वेळा ऐकलं.
कंबर सोड, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

मरडो म्हणतो, सरकू नकोस, वळ.
पिंपात उभी आहेस असं समज,
कडा लागू द्यायच्या नाहीत.
मागे जाताना उजव्या टाचेत वजन मुरू दे,
येताना आधी डावा पाय जमिनीत रोव,
मग डावा खुबा मागे जाऊ दे,
कुणाला तरी वाट करून देतेस तसा.
खांदे त्याच्या मागून. हात सगळ्यात शेवटी.
हात शेवटी?
माझे हात तर जन्मभर सगळ्यांच्या आधी पोचलेत,
गोळ्या मोजायला, पिशव्या उचलायला,
'राहू दे, मी करते' म्हणायला.

आणि लिफ्टमध्ये, रांगेत, बसच्या सीटवर
मी इतकी वर्षं अंग चोरलं
की चेंडूसुद्धा चोरट्यासारखा उजवीकडे पळायचा,
कुंपणाच्या कडेकडेने.

पण खरं दुखणं त्याला चौथ्या मंगळवारी सापडलं.
माझ्या मागे एक खुर्ची ठेवून तो म्हणाला,
पाठीचा खालचा भाग खुर्चीला टेकलेला राहू दे,
शेवटपर्यंत.
मी मारला. खुर्ची सुटली.
पुन्हा मारला. पुन्हा सुटली.
चेंडू लागायच्या आधीच तू उभी राहतेस, तो म्हणाला.
कोण आलंय?

कुणी नाही, मी म्हणाले.

पण आलं होतं.
उंबऱ्यात नुसती चप्पल वाजली
की हातातला घास ताटात ठेवून
मी अर्धी उठलेली असायचे.
सासरे, त्यांचे भाऊ, बँकेतले साठे,
कधी नुसताच वारा.
ते सगळे गेले. घर विकलं. मी इथवर आले.
गुडघ्यांना कुणी कळवलंच नाही.

त्या दिवशी हार इतकी दाट होती
की शंभर यार्डांची पाटीही दिसेना.
मरडो फ्लास्कमधला चहा ओतत होता, माझ्याकडे पाठ.
मी वाकले. खुर्ची लागली.
क्लब मागे गेला, काठी गेली,
बरोबर मीही गेले.
मग डावी टाच. मग खुबा.
कुणी आलं असेल तर बसू दे त्याला,
मी हे मोठ्याने म्हणाले, मराठीत,
आणि हात कुठे होते ते मला कळलंच नाही.

आवाज झाला.
पिकल्या नारळावर नेमका कोयता बसावा तसा.
चेंडू धुक्यात शिरला आणि दिसायचा थांबला.
मरडो वळला नाही.
कुठे गेला?
ठाऊक नाही, मी म्हणाले.

बक्कल कुठे आहे?
मी खाली पाहिलं.
बक्कल समोर, जिथे झेंडा असायला हवा तिकडे,
उजवी टाच उचललेली,
आणि मी अजून पडले नव्हते.

बादलीत अकरा चेंडू उरले होते.
त्यातले नऊ वाया गेले.
दुसऱ्या दिवशी दुकानात वरच्या फळीवरचं कफ सिरप काढायला वळले,
तर मिसेस ऑख्टरलोनी काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या,
कंबर दुखतेय का गं?

हो, म्हटलं. खूप.